दोन दारांचा तंबू

"आबा, तुम्ही किती चिनी मारले?"

प्रश्न माझा नव्हता. माझ्या वर्गातल्या आरोहीने काढलेला होता आणि मी तो विचारू शकत नाही यावर मृणालीची पैज होती. विचारला तर जेट्टीवरच्या गाडीची पाणीपुरी त्या दोघींकडून, नाही विचारला तर माझ्याकडून. डिसेंबरात मी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. विषय होता मोबाईल शाप की वरदान, आणि मी वरदानाच्या बाजूने असं काही बोलले की ऐकायला म्हणून परीक्षकांनी स्वतःचे मोबाईल खिशात घातले. तेव्हापासून मला कुणाचीच भीती वाटत नव्हती. मग ब्याण्णव वर्षांच्या पणजोबांची काय वाटणार.

आबा ओटीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. आमचं घर आगरदांड्याच्या अलीकडे, खाडीकडे तोंड करून आहे. समोर दिघी, मध्ये गाड्या भरून फेरीबोट ये-जा करते. आबांना बोट दिसत नाही, भोंगा ऐकू येतो. मांडीवर जाळ्याचा एक तुकडा होता आणि बोटं फाटलेल्या जागी गाठी मारत होती. ते जाळं कुणाला नको आहे. पप्पांनी होडी विकून टेम्पो घेतला त्याला नऊ वर्षं झाली. आबांचे हात रिकामे राहिले की ते दारात जाऊन उभे राहतात, म्हणून आईने हा तुकडा राखून ठेवला आहे. सगळा सांधून झाला की ती दुपारी तो कात्रीने कापते आणि आबा झोपेतून उठायच्या आत परत खुर्चीवर आणून ठेवते.

"एक पन न्हाय," आबा म्हणाले. बोटं थांबली नाहीत.

"मग कोरियात जाऊन केलंत काय?"

"दार धरलं."

आरोहीने तोंडावर हात दाबला. "वॉचमन होते गं तुझे आबा. बिल्डिंगचे का कॉलेजचे, विचार ना."

मृणालीसुद्धा हसली. मी सगळ्यात जास्त हसले.

आबांना गावात 'तुझंतूबघ' म्हणतात. तोंडावर नाही, पण फार मागेही नाही. कारण एकच. सत्तर वर्षांत त्यांनी कुणालाच काय करावं ते सांगितलेलं नाही. मच्छीमार सोसायटीच्या निवडणुकीत दोन्ही बाजू घरी यायच्या, आबा दोघांना चहा द्यायचे आणि म्हणायचे, तुमचं तुम्ही बघा. पप्पांनी होडी विकायची का म्हणून विचारलं तेव्हा तेच. माझी पणजी नीराबाई दोनदा रागावून माहेरी निघाली होती. दोन्ही वेळा आबा दाराचा पडदा हाताने बाजूला धरून उभे राहिले. जा म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. पहिल्या वेळी ती जेट्टीवरून परत आली. दुसऱ्या वेळी तीन वर्षांनी आली. आई सांगते, शेवटच्या दुखण्यात ती म्हणायची, "या मानसानं मला नवरा म्हनून एकदा तरी वडून घरात आनायला पायजे व्हती."

आणि कुठल्याही दाराशी आले की आबा आधी आत जात नाहीत. पडदा धरतात, सगळे आत-बाहेर होईपर्यंत थांबतात, मग शेवटी स्वतः. लग्नात, दवाखान्यात, सगळीकडे. लोकांना वाटायचं, केवढा विनय.

नववीच्या राज्यशास्त्रात शीतयुद्ध आलं आणि सरांनी प्रकल्प दिला. इंटरनेटवरून उतरवलेला चालणार नाही म्हणाले. मला एकदम आठवलं की माझ्याकडे एक अख्खा माणूस आहे. रविवारी दुपारी मी मोबाईलचा रेकॉर्डर चालू करून आबांसमोर बसले.

"कसलं दार, आबा? नीट सांगा. मला वीस मार्क आहेत."

ते सांगायला लागले, आणि मला वाटलं होतं तसं कंटाळवाणं अजिबात नव्हतं.

आबा अठराव्या वर्षी पलटणीत गेले. कोळ्याच्या पोराने समुद्र सोडून बंदूक धरली म्हणून घरात रडारड झाली होती. आणि पलटणीने त्यांना परत समुद्रावरच घातलं, बोटीने थेट कोरियाला. तिथली लढाई थांबली होती, पण कैदी उरले होते. चीनचे हजारो सैनिक अमेरिकेच्या फौजांनी पकडले होते. त्यातल्या बऱ्याच जणांनी घरी जायचं नाही म्हटलं होतं, म्हणजे तसं त्यांच्या नावावर लिहिलं गेलं होतं. खरंखोटं करायला तिऱ्हाईत देश पाहिजे होता. म्हणून हिंदुस्तानची पलटण.

"तिकडचं सरकार म्हनालं, आमच्या जमिनीवर हिंदुस्तानी पाय नको. तर आमाला बोटीवरनं उचलून हेलिकॉप्टरातनं नेला. मी खाली बघितला आन् सगळा वकलो."

"हे कट करते मी."

"तुझं तू बघ."

मग त्यांनी तंबू सांगितला. मध्ये खुर्ची. एका बाजूला चीनचे साहेब, दुसऱ्या बाजूला अमेरिकेची माणसं नुसती बघायला, आणि मधोमध आपला साहेब. कैद्याला आणून खुर्चीत बसवायचं. मग चीनचा साहेब त्याला समजावायचा.

"म्हनायचा, घरी चल. नवा देस झालाय. जमीन देऊ. मागचं कुनी काय काडनार न्हाय. आन् शेवटी आयचं नाव घ्यायचा. कैद्याच्या आयचं. त्याच्या कागदावर सगळ्यांच्या आयांची नावं व्हती. नाव घेतला का मानूस हलतो. मग त्याला उठवायचा. तंबूला मागं दोन दारं. एक चीनला घरी जायाचं. दुसरं परत छावनीत, तितनं फोर्मोसाला. आता तैवान म्हनत्यात. मी घराच्या दाराशी उभा."

"म्हणजे दोघांनाही ती माणसं पाहिजे होती?"

"मानसं न्हाय. आकडा पायजे व्हता. आमच्याकडं येवढे आले, त्यांच्याकडं तेवढेच गेले. सगळ्या जगाला दाखवायला."

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. वीसपैकी एकोणीस तरी.

"आमचा सायब रोज सकाळी सांगायचा. तुमी तिऱ्हाईत. हात लावायचा न्हाय, बोलायचा न्हाय, डोळासुदा कुटल्या दाराकडं हलता कामा न्हाय."

"आणि नाही हलला?"

आबांनी आणखी दोन गाठी मारल्या. मी रेकॉर्डर बंद करणार होते.

"एक पोऱ्या व्हता," ते म्हणाले. "माज्यायेवढाच. नाव न्हाय कळला. तारेच्या त्या बाजूनं यायचा. एकदा मातीत मासा काडून दाखवलान्. मंग मी माजे हात दाखवले, अशे, जाळ्याची गाठ मारताना. तर तो हसला. तारेतनं सुतळी घेतलान् आन् त्यांची गाठ मारून दाखवलान्. आपल्यापरीस एक वेडा जास्त, सुतळी अजून येकदा फिरवायची. दर्यावरचा व्हता तो. मग मासा काडायचा, त्याच्या म्होरं घर काडायचा, आन् आपल्या छातीला हात लावायचा."

"घरी जायचं होतं त्याला."

"मला ठाव व्हता. मला येकट्याला."

छावणीत कैद्यांचेच म्होरके होते. घरी जायचं म्हणणाऱ्याला ते सोडत नसत. ते सांगायचे, चीनला गेलात तर भिंतीला उभं करून गोळ्या घालतील. म्हणून त्या पोराने तोंडाने कधी काही म्हटलं नव्हतं. एक दिवस त्याचं नाव पुकारलं गेलं. तंबूत आणलं, बसवलं, समजावलं, आईचं नाव घेतलं. तो उठला आणि दोन दारांच्या मध्ये थांबला.

"माज्याकडं बघितलान्," आबा म्हणाले. "कुटं जाऊ म्हनून."

"मग?"

"मी बुटाकडं बघितला."

तो पोरगा फार वेळ थांबला. मग छावणीच्या दाराने परत गेला. चौथ्या दिवशी त्याला घोंगडीत घालून बाहेर आणलं. एक कोपरा आबांनी धरला होता. छावणीतल्या म्होरक्यांनीच मारलं होतं त्याला. घरी गेला म्हणून नव्हे, तंबूत तेवढा वेळ थांबला म्हणून. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंच्या कर्ण्यांवर त्याच्याबद्दल बोलत होते. ते म्हणाले आमचा हुतात्मा, हे म्हणाले आमचा.

"आन् सायबानं मला शाबासकीचा कागद दिला. नजर हलली न्हाय म्हनून."

प्रकल्पाला वीसपैकी वीस पडले. सरांनी तो सगळ्या वर्गात वाचून दाखवला. पोराचा भाग मी चांगला रंगवला होता, शेवटी बर्फसुद्धा पाडला होता. घरी येऊन आबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बरफ नवता त्या दिवशी. ऊन व्हता."

मार्चमध्ये पप्पांनी मला टेम्पोत पुढे बसवून जेट्टीपर्यंत नेलं. काही महत्त्वाचं असलं की ते टेम्पोतच बोलतात.

"आता तुझं दहावीचं वर्ष येईल," ते म्हणाले. "तुला खोली पाहिजे ना?"

मला खोली सहावीपासून पाहिजे होती. आमच्याकडे दोनच खोल्या. एक आमची तिघांची आणि एक आबांची, खाडीकडच्या खिडकीची. मी ओट्याखाली टॉर्च लावून अभ्यास करायचे.

"पालीच्या पुढं एक आश्रम आहे. बघून आलो मी. स्वच्छ आहे. पण त्यांचा नियम आहे, म्हाताऱ्यानं स्वतः हो म्हटलं पाहिजे, त्यांच्या माणसासमोर. मी दोनदा विषय काढला, आबा नुसते ऐकून घेतात. तुझ्या आईनं काढला, तेच. तुझं ऐकतील. तू बोलतेस छान."

"मी समजावू?"

"तूच समजाव."

मला खरं सांगायचं तर आनंद झाला. दोन गोष्टींचा. खोलीचा, आणि घरातली दोन मोठी माणसं हरली होती तिथे मला बोलावलं याचा. त्या रात्री मी वहीत मुद्दे काढले. स्पर्धेला काढते तसेच, आधी डोक्याला पटणारे, मग काळजाला. डॉक्टर जवळ. बोलायला सारख्या वयाची माणसं. बल्लाळेश्वराचं दर्शन केव्हाही. आम्ही दर रविवारी येऊ. आणि सगळ्यात खाली लिहिलं, शेवटी पणजीचं नाव घ्यायचं. हे मला कुठून सुचलं ते मी विसरले होते. किंवा नव्हते विसरले.

रविवारी आश्रमाचे दिनानाथकाका आले. पांढरा शर्ट, हातात फाईल, बोलायला गरीब माणूस. "जबरदस्ती असली तर आम्ही घेत नाही हां," ते दारातच म्हणाले. आईने ओटीवरच्या चार खुर्च्या बाहेरच्या खोलीत आणल्या. आबांची मध्ये ठेवली. दिनानाथकाका एका बाजूला, आई-पप्पा दुसऱ्या बाजूला. आबांच्या मागे एक दार त्यांच्या खोलीचं, एक दार अंगणात उघडणारं. अंगणात आश्रमाची व्हॅन उभी होती.

हे सगळं मला आता दिसतं. तेव्हा मला फक्त माझा आवाज ऐकू येत होता, आणि तो फार छान लागला होता.

मी सात मिनिटं बोलले. एकदाही अडखळले नाही. बल्लाळेश्वराच्या जागी दिनानाथकाकांनी मान डोलावली. दर रविवारच्या जागी आईने पदराने नाक पुसलं. मग मी आवाज खाली आणला आणि म्हटलं, "आणि नीराआजी आज असती ना आबा, तर तिनंही हेच सांगितलं असतं."

आबांनी मान वर केली. त्यांना माझा चेहरा धुरकट दिसतो, तरी ते बरोबर माझ्या डोळ्यांकडे बघत होते.

"अमू," ते म्हणाले, "तू सांग. ऱ्हाऊ का जाऊ?"

पप्पांनी चमकून माझ्याकडे बघितलं. आबांनी आयुष्यात कुणाला विचारलेला हा पहिला प्रश्न असेल. आणि मला उत्तर तयारच होतं. इतकं तयार की जिभेवरून घसरलं.

"तुमचं तुम्ही बघा, आबा."

पप्पा फसकन हसले. आईने तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते. दिनानाथकाकांना काही कळलं नव्हतं, तेही हसले. मला टाळ्या पडल्यासारखं वाटलं.

आबा हसले नाहीत, रागावले नाहीत. खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठले आणि दोन दारांच्या मध्ये उभे राहिले. दिघीच्या बाजूने बोटीचा भोंगा झाला. बोट आली, गाड्या उतरल्या, परतीचा भोंगा झाला, तरी ते उभेच होते. मी बुटाकडे बघितलं नाही, माझ्या पायात बूट नव्हते. मी मोबाईलकडे बघितलं.

मग ते अंगणाच्या दाराशी गेले. पडदा हाताने बाजूला केला आणि धरून ठेवला. आम्ही एकेक करून त्यांच्या हाताखालून बाहेर पडलो. पप्पा, आई, काका, मी. शेवटी ते.

व्हॅनच्या बॉनेटवर फाईल ठेवून त्यांनी सही केली. पलटणीत शिकवलेली, इंग्रजी अक्षरांतली. 'मी स्वखुशीने' या शब्दांच्या बरोबर खाली. आईने त्यांची ट्रंक ठेवली, औषधांची पिशवी ठेवली आणि जाळ्याचा तुकडाही ठेवायला लागली. आबांनी तो परत तिच्या हातात दिला.

"सुचिता, आता कापू नको हा," ते म्हणाले. "तुजे बी हात दुकत असतील."

आई तो तुकडा हातात घेऊन व्हॅन वळेपर्यंत तशीच उभी राहिली. रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली.

खोलीला मी जांभळा रंग निवडला. पप्पांनी दाराला आतून कडी बसवून दिली. मी पहिले चार दिवस कारण नसताना कडी लावून बसत होते. पहिल्या रविवारी टेम्पो गॅरेजमध्ये होता. दुसऱ्या रविवारी माझी परीक्षा तोंडावर होती. तिसऱ्या रविवारी आरोहीचा वाढदिवस होता, तिथे मी सगळा किस्सा सांगितला. आबांनी विचारलं आणि मी काय उत्तर दिलं ते, आवाज काढून. आरोही खुर्चीवरून पडायची राहिली.

"पण मग त्यांनी काय केलं?" मृणालीने विचारलं.

"गेले ना."

"आणि तू राहा म्हणाली असतीस तर?"

"मी कशाला सांगू? त्यांचा निर्णय होता तो."

"हां," ती म्हणाली आणि केक खायला लागली. मला माझा केक संपवता आला नाही. क्रीम जुनं होतं बहुतेक.

काल संध्याकाळी दिनानाथकाकांचा फोन आला. पप्पा जेवत होते म्हणून स्पीकरवर टाकला.

"जीवनभाऊ, तसं काळजीचं काही नाही," काका म्हणाले. "पण आजोबा बसत नाहीत हो. जेवणाच्या हॉलचं दार आहे ना आमचं, तिथं पडदा धरून उभे राहतात. सगळे जेवून बाहेर आले तरी उभे. पाय सुजलेत. बसा म्हटलं की म्हणतात, समजावून झालं माझं, आता पुढच्याचं नाव पुकारतील. कुणाचं नाव, काय, आम्हाला उमगत नाही. तुम्हाला काही कळतंय का?"

पप्पांनी माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "वय झालं," ते म्हणाले. "बघतो. कळवतो."

"सवय होईल हळूहळू," आई म्हणाली. तिने पप्पांना कालवण वाढलं, मग मला. तिच्या मागे खुंटीला तो जाळ्याचा तुकडा टांगलेला होता. मी उठून त्याला हात लावला. अख्खा सांधलेला होता. सगळ्या गाठी मी मोजल्या नाहीत, पण जेवढ्या चाचपल्या त्या आपल्या नव्हत्या. प्रत्येक गाठीला एक वेढा जास्त होता.

"जेवता जेवता उठू नये," आई म्हणाली.

मी खोलीत गेले. पप्पांच्या पेटीतला स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि दाराची कडी काढली. चार स्क्रू होते, एक गंजलेला. कडी आणून मी त्या दोघांच्या ताटांच्या मधोमध ठेवली.

"रविवारी मी पालीला जाणार आहे," मी म्हणाले. "टेम्पो असला तर टेम्पोने, नसला तर एसटीने. आबांना राहायचंय का यायचंय, ते मी विचारणार नाही. काही समजावणार पण नाही. हाताला धरून ओढत आणणार आहे."